निसरडी बाजू

“म्हणजे मारना नाय,” काशिनाथ म्हणाला, “फकत धरूक देना नाय.”

कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो होडीच्या डाव्या अंगावरून, पाण्याखालून, हात फिरवत होता. मार्चमधली सकाळ होती. मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी खाजणवाडी नावाची मच्छीमारांची वाडी आहे. तिथे मी आमच्या रंगाची परीक्षा घ्यायला आले होते.

पुण्याच्या एका रंग कंपनीच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा काम करत होते. होडी पाण्यात राहिली की तिच्या बुडाला आधी शेवाळाचा थर येतो, मग त्यावर पांढरे, टोकदार शंख येऊन बसतात. त्यांचा गोंद त्यांच्या अंगातूनच निघतो आणि बाजारातला कुठलाही गोंद त्याच्यापुढे फिका. बूड खरखरीत झालं की होडी जड चालते आणि तेल जास्त पिते. जुने रंग या जिवांना विष घालून मारत, पण ते विष खाडीत उतरे आणि खडकांवरची कालवंही त्याने मरत. आमच्या रंगात विष नव्हतं. रबरासारख्या थरात आम्ही सिलिकाचे कण मिसळले होते, इतके बारीक, की माणसाच्या एका केसाच्या रुंदीत हजारो शेजारी शेजारी बसावेत. नॅनो म्हणतात ते हेच. त्या कणांमुळे वरचा पृष्ठभाग असा काही होई की पाण्याला नि गोंदाला तिथे थाराच मिळत नसे. हे सगळं मी काशिनाथला अळवाचं पान पाण्यात बुडवून दाखवत सांगितलं होतं. त्यावर त्याने बराच विचार करून ते वाक्य उच्चारलं.

दसऱ्यानंतर आम्ही त्याच्या फायबरच्या होडीला डाव्या बाजूला आमचा रंग दिला होता आणि उजव्या बाजूला नेहमीचा, स्वस्तातला. आता सहा महिन्यांनी डावी बाजू काचेसारखी होती. उजव्या बाजूला हात लावला तर रक्त निघेल इतके शंख वाढले होते.

होडी दोघा भावांची होती. काशिनाथ मेथर थोरला, पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने सुकलेला, बोलणं मोजकं. बरीच वर्षं तो गुजरातकडे, वेरावळला ट्रॉलरवर कामाला होता, लग्न केलं नव्हतं. धाकटा मोतीराम त्याच्या अगदी उलट. भरल्या अंगाचा, हसरा, गाता गळा. मी आले की तो शहाळं काढून आणी आणि माझ्या यंत्रांना “हे काय, हे कित्याक” असं विचारून भंडावून सोडी. वाडीतल्या सगळ्यांना मोतीराम आवडायचा. खरं सांगायचं तर मलाही दोघांतला तोच आवडायचा.

त्या दिवशी होडी ओढून वाळूवर घ्यायच्या आधी मला तिचा वेग नि ओढ मोजायची होती. म्हणून आम्ही तिघं निघालो. मला पोहता येत नव्हतं. कंपनीने दोन जीवरक्षक जाकिटं दिली होती, पण यंत्रांच्या पेटीला हादरे बसू नयेत म्हणून मोतीरामने ती पेटीखाली घातली. मलाही ते पटलं. खाडी आरशासारखी शांत होती.

सुकाणूवर काशिनाथ होता. होडी सरळ चालेना. उजव्या खरखरीत बाजूला पाणी अडे आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सारखी उजवीकडे वळे. काशिनाथला सुकाणू सतत दाबून धरावं लागत होतं.

मोतीराम पुढच्या फळीवर बसून ते बघत होता. तो हसत म्हणाला, “मॅडम, बघितलास? हिच्या एका अंगावरसून वारां गेलां. म्हातारेवरी चलता.”

त्याने एक हात लुळा करून, तोंड वाकडं करून, लकवा झालेल्या म्हातारीची नक्कलही केली. नक्कल हुबेहूब होती. मला हसू आलं. मी काशिनाथकडे पाहिलं. तो हसला नव्हता. त्याची नजर भावावर होती, समोरच्या पाण्यावर नव्हती.

खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे. ओहोटीच्या वेळी तिथे आतलं पाणी बाहेर धावतं, बाहेरची लाट आत येते, आणि दोन्हींची गाठ पडते तिथे पाणी उभं राहतं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा इंजिन खोकलं आणि बंद पडलं. काशिनाथ दोरी ओढायला वाकला. सुकाणू सुटल्याबरोबर होडी उजवीकडे वळली आणि लाटेला आडवी झाली. पहिल्या लाटेने पेटी उडाली. दुसरीने आम्ही.

मी पाण्याखाली किती वेळ होते ते सांगता येणार नाही. कुणीतरी मला केसांना धरून वर काढलं. तो मोतीराम होता. होडी पालथी झाली होती, तिचं बूड आकाशाकडे. जाकिटं कुठल्या कुठे वाहून गेली होती. मोतीरामचा डावा खांदा होडीच्या काठाखाली सापडून मोडला होता, हात नुसता लोंबत होता. तशा स्थितीत, एका हाताने आणि पायांनी पाणी मारत, त्याने मला होडीपर्यंत आणलं.

पण आम्ही पोचलो ते आमच्या रंगाच्या बाजूला.

मी हात टाकले. हात खाली आले. नखं रोवायचा प्रयत्न केला, नखांनाही काही लागलं नाही. मोतीराम छातीपर्यंत वर चढे आणि साबणावरून निसटावा तसा परत पाण्यात येई. प्रयोगशाळेत याच गुणासाठी आम्ही दोन वर्षं झटलो होतो.

तेवढ्यात पलीकडून काशिनाथचं डोकं वर आलं. तो उजव्या बाजूने चढला होता. त्या शंखांत बोटं नि गुडघे अडकवून तो कण्यापर्यंत पोचला, बुडाच्या मधोमध जी उभी पट्टी असते तिच्यावर छाती टाकून आडवा झाला आणि त्याने दोन्ही हात आमच्याकडे टाकले. उजव्या हाताने त्याने मोतीरामचं धड मनगट धरलं, डाव्याने माझं.

“मॅडमांका हयसून तकडे ओढ,” मोतीराम म्हणाला.

काशिनाथने मला ओढायचा प्रयत्न केला. पण तिघांचं वजन एका बाजूला जाऊ लागलं तशी होडी लोळायला लागली. पुन्हा उलटली असती तर तिघंही गेलो असतो. “तसांच रवा,” तो म्हणाला. “तुमचा वजन तकडे होया.”

मग आम्ही तसेच राहिलो. पलीकडे काशिनाथ, शंखांवर पालथा. अलीकडे आम्ही दोघं, निसरड्या उतारावर लोंबकळत, आणि मध्ये त्याचे दोन हात. ओहोटी आम्हाला बाहेर नेत होती. प्रत्येक लाटेबरोबर काशिनाथचं अंग त्या धारदार कवचांवर घासलं जाई. त्याच्या शर्टाच्या चिंध्या झाल्या, कण्यावरून रक्ताचे ओघळ आमच्या बाजूला उतरू लागले. ते तिथे ठरत नव्हते. थेंब होऊन घरंगळत पाण्यात जात होते.

मोतीराम वेदनेने पांढरा पडला होता, तरी माझ्याशी बोलत होता. “घाबरा नको मॅडम. दादाचो हात असा. तेना धरल्यान ता सोडना नाय.”

ऊन वर आलं. माझं मनगट त्याच्या मुठीतून घसरत होतं. पकड माझी ढिली होती, मोतीरामची नव्हती. मोतीरामने उलट भावाचं मनगट घट्ट धरलं होतं, कोळ्याच्या हाताने धरावं तसं. माझ्या बोटांत तर जीवच उरला नव्हता. मी काशिनाथला म्हणाले, “मला सोडा.” ते मी मनापासून म्हणाले की नुसतंच, मला माहीत नाही. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि माझ्या मनगटावरची पकड बदलून आणखी वर, कोपराजवळ धरलं.

मग त्याने मान उचलली आणि दक्षिणेकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मला लाटांपलीकडचं काही दिसत नव्हतं. मोतीरामचे डोळे मिटलेले होते.

“मोत्या,” काशिनाथने हाक मारली.

मोतीरामने डोळे उघडले.

“आवशीक जावन सांग,” काशिनाथ म्हणाला.

मोतीराम त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते दुःख असेल असं मला वाटलं. त्याचे ओठ हलले, “दादा” एवढंच ऐकू आलं. काशिनाथने बोटं उघडली आणि हाताला एक झटका दिला. मोतीरामची पकड सुटली. तो उतारावरून आवाज न करता खाली गेला. एकदा वर आला, एका हाताने पाणी मारलं, आणि पुढच्या लाटेनंतर दिसला नाही.

काशिनाथने मोकळा झालेला हातही मला धरायला वापरला.

थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज आला. देवगडकडे निघालेल्या एका ट्रॉलरने आम्हाला काढलं. मोतीराम तिसऱ्या दिवशी आचऱ्याच्या बाजूला वाळूवर लागला.

यानंतर जे झालं ते कुणीही ओळखू शकेल. रुग्णालयात पत्रकार आले. मी त्यांना जे पाहिलं नि ऐकलं ते सांगितलं. दोन हात, दोन माणसं. परक्या बाईला धरून ठेवण्यासाठी सख्ख्या भावाला सोडणारा माणूस. “आईला जाऊन सांग” हे त्याचे शेवटचे शब्द छापून आले तेव्हा लोक रडले. दोघांची आई काही वर्षांपूर्वी वारली होती, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या शब्दांनी मला आणखीच भरून आलं. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा सत्कार झाला. शाल नि श्रीफळ घेताना तो मान खाली घालून उभा होता. छातीवरच्या जखमा अजून भरल्या नव्हत्या.

आमचे प्रमुख, डॉक्टर नाडकर्णी, मला भेटायला आले तेव्हा त्यांनी तब्येतीची विचारपूस केली आणि मग हळूच विचारलं, “त्या बाजूवर ओरखडे उठलेत का गं, पाहिलंस? नखांचे वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

त्यांना समाधान लपवता आलं नाही. तो रंग पुढच्याच वर्षी बाजारात आला. मी ती नोकरी सोडून महाविद्यालयात शिकवू लागले.

मला भाऊ नाही. त्या वर्षी दिवाळीत मी खाजणवाडीला गेले आणि काशिनाथला ओवाळलं. तो पाटावर बसला, कुंकू लावून घेतलं, ओवाळणी म्हणून सुकवलेल्या कोलंबीची पिशवी माझ्या हातात दिली. त्यानंतर दर भाऊबीजेला मी जाऊ लागले. तो मला मॅडम म्हणायचा, ते हळूहळू ‘बाय’ झालं. मोतीरामची बायको शेवंती त्याच घरात राहत होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिच्यासाठी मी लुगडं नेई. ती पुढे येऊन ते घेई आणि आत जाई. माझ्याशी कधी बोलली नाही. ज्या बाईच्या जिवाच्या बदल्यात नवरा गेला तिच्याशी तिने का बोलावं, असं मला वाटे.

पाचव्या वर्षी शेवंती दिसली नाही. “म्हायेराक गेली,” काशिनाथ म्हणाला. सहाव्या वर्षी विचारलं तर पुन्हा तेच. मी नेलेलं लुगडं त्याने घडी न मोडता फळीवर ठेवलं.

सातव्या वर्षी मला कुणाची तरी गाडी मिळाली आणि मी नेहमीपेक्षा बरीच लवकर, सकाळीच पोचले. घराला नुसती कडी होती. शेजारीण म्हणाली, काशिनाथ बंदरावर गेलाय. मी ओटीवर बसले. मागच्या माडांतून मांजर रडावं तसा आवाज येत होता. मांजर वाटेना म्हणून मी उठून गेले.

माडांच्या पलीकडे, वाळूच्या कडेला, जाळी नि वल्ही ठेवायची एक झावळ्यांची खोप होती. दाराला बाहेरून काठी लावलेली. मी ती काढली.

आत जुन्या जाळ्यांच्या ढिगावर शेवंती पडली होती. मी तिला ओळखलंच नाही आधी. केस कापलेले, अंगावर चिंधी, पाय एका बाजूला असा पडलेला की तो तिचा नाहीच. वास असा होता की मी तोंडावर पदर धरला. उशाशी अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत भात होता, ताजा, वर डाळ घातलेली. तांब्याभर पाणी होतं.

“कोण?” ती म्हणाली.

मी नाव सांगितलं.

“दार लावा,” ती म्हणाली. “तो बगीत.”

ती विहिरीच्या पायरीवरून पडली होती, खुबा मोडला होता, दोन वर्षांमागे. डॉक्टर आला नव्हता. मी तिला उचलायला वाकले तर तिने माझा हात झिडकारला. “नको. तेका आवडाचा नाय.”

मागे सावली पडली. काशिनाथ दारात उभा होता, हातात माशांची टोपली. त्याला राग आलेला दिसला नाही. “आज बेगीन इलंस,” तो म्हणाला. “चल, च्या घे.”

“हे काय आहे काशिनाथ?”

“शेवंती.”

“तिला इथे का ठेवलंय?”

त्याने टोपली खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकला. बायकोबद्दल, गुरांबद्दल माणूस बोलेल तशा आवाजात तो बोलला.

“हयच माजी आवस व्हती. ह्याच जाळ्यांर. तिच्या अंगावरसून वारां गेलां तेवा मी वेरावळाक व्हतंय. मोत्या नि ही, ह्या दोगांनी तिका हय आणून टाकल्यानी. घरात वास येता म्हणान. शिमग्याक मी न सांगता इलंय, तर घरात दोगां जेवत बसलेली, नि आवस हय. मुंगळे लागलेले तिका. दोन दिस जगली मगे. बोलाक येय नाय व्हता, पण डोळ्यांनी सांगितल्यान सगळा.”

शेवंतीने तोंड जाळ्यात खुपसलं होतं.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“काय करूचा? तापान गेली म्हणान वाडीयेक सांगितलंय. आवशीची लाज खय उघडी करू? वेरावळ सोडलंय. तेच्याबरोबर होडी घेतलंय. चार वर्सां एका ताटात जेवलंय तेच्याबरोबर.” तो थांबला. “होडयेत तो नक्कल करी, आठावता तुका? तू हसलंस.”

मी त्याला विचारलं, “तू त्याला माझ्यासाठी सोडलं नाहीस?”

त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं, एखाद्या पोरीकडे पाहावं तसं.

“तुज्यासाठी? तू माजी कोण?”

“मग मला का नाही सोडलंस?”

“दोगां गेली असती तर लोकांनी काय म्हटल्यानी असता? एकटो काशिनाथ कसो जगलो? तेका धरून रवलंय ट्रॉलर दिसापर्यंत. ट्रॉलर येताहा बघलंय, नि मगे सोडलंय. तेच्या आदी सोडून तू पण गेली असतंस तर सांगणारा कोण व्हता?”

तो खाली वाकला, शेवंतीच्या उशाशी असलेली ताटली त्याने तिच्या हाताजवळ सरकवली.

“जेव,” तो तिला म्हणाला. मग मला म्हणाला, “हिका मी उपाशी ठेवणंय नाय हां. आवशीक हेनी भात देवंक नाय, म्हणान ती पंदरा दिसांत सुटली. हिका रोज देतंय. डाळ देतंय. मासो असलो तर मासो देतंय. ही लवकर मराची नाय.”

शेवंतीने हात पुढे केला आणि ती जेवू लागली. भीतीने असेल, भुकेने असेल. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे होतो.

मी तिथून निघाले ती थेट सरपंचांच्या घरी गेले. सरपंच, पोलीसपाटील आणि दोन बायका घेऊन परत आले. काशिनाथने स्वतः खोपीचं दार उघडून दिलं. तोवर त्याने शेवंतीला मी आणलेल्या जुन्या लुगड्यांपैकी एक नेसवलं होतं, तोंड पुसलं होतं.

सरपंचांनी तिला विचारलं, “शेवंते, तुका हय कोणी डांबून ठेवल्यान?”

ती काशिनाथकडे बघून म्हणाली, “नाय. माजो दीर देव असा. घरात माका गरम होता, म्हणान मी हय रवतंय.”

पोलीसपाटलाने माझ्याकडे पाहिलं. काशिनाथ म्हणाला, “पावण्यांका च्या द्या रे कोणतरी.”

तरीही मी गाडी आणवली. शेवंतीला उचलताना तिने जाळं मुठीत धरलं ते सोडेना. दोघी बायकांनी तिची बोटं एकेक करून उलगडली. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, आता काही जोडण्यासारखं उरलेलं नाही. पाठीवरच्या जखमांत किडे झाले होते. चार दिवसांनी ती गेली. शुद्धीत होती तेवढ्या वेळात तिने मला एकदाच जवळ बोलावलं आणि म्हणाली, “बरा झाला. हय भात देना नाय.”

मी पोलीस ठाण्यात गेले. तक्रार सांगितली, आधी खोपीची, मग समुद्राची. निरीक्षक तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काशिनाथला बोलावणं पाठवलं. तो धुतलेला सदरा घालून आला. ठाण्यातला हवालदार त्याला पाहून उठून उभा राहिला.

“बाई काय म्हणतात ते ऐकलंत?” निरीक्षकांनी विचारलं.

“ऐकलंय साहेब. माजी भैन असा ती. दर वर्साक ओवाळूक येता. भावजय गेली ता तिच्या मनाक लागलां.” तो थोडं थांबून म्हणाला, “पाण्यात खूप व्हती मां तेवा. मधीच काय काय बोलता.”

निरीक्षक माझ्याकडे वळले. “मॅडम, त्या दिवशी यांनी तुमचा हात धरला होता?”

“हो.”

“सोडला नाही?”

“नाही.”

“यांना दोनच हात होते. एकाला सोडून त्यांनी तुम्हाला वाचवलं, असं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत. पेपरात आहे. आता तुम्हीच म्हणता, खून केला. कोर्टात मी काय दाखवू? आणि त्या बाईचा जबाब तर सरपंचांसमोर झालाय.”

मी पुष्कळ बोलले. माझा आवाज चढला, मग फुटला. हवालदाराने पाणी आणून दिलं. काशिनाथने पेला घेऊन माझ्या हातात दिला.

बाहेर आल्यावर तो माझ्या पिशवीचा बंद धरून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आला. मी पिशवी ओढली, तर त्याने सोडून दिली, पण चालत राहिला. वाटेत दोघातिघांनी त्याला हात जोडले. एक म्हातारा थांबून म्हणाला, “काशिनाथा, भावजयेचा समजला रे. किती केलंस तिचा.” काशिनाथने मान हलवली.

गाडी आली. मी चढून खिडकीपाशी बसले. तो खिडकीखाली उभा राहिला.

“म्होरल्या वर्साक येतलंस मां?” त्याने विचारलं.

त्याला उत्तर नकोच होतं बहुतेक. गाडी सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता, डोक्यावर ऊन घेत.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. ती वाकून माझ्यावरून बाहेर बघत होती. गाडी वळली तसं ती पदर सावरत मागे टेकली.

“तो ओळखीचो काय तुमच्या?” तिने विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

“देवमाणूस तो,” ती म्हणाली. “समुद्रात एका परक्या बायलेसाठी सख्खो भाव सोडल्यान तेना. खयसर असतली आता ती, देवाक ठावक.” ती पिशवीतली भाजी नीट लावत होती. “नशीबवान बाय गो.”